खांबाला बांधलेली आई

– नाही नाही काका, तुम्ही उठू नका, मला ही खुर्ची चालेल, एक पाय डुगडुगतोय हिचा पण मी कुठे टेकून बसणार आहे, माझा जीव तिकडे त्या लाल गाडीवर अडकलाय. तुम्ही मराठी ना? मी या हरवलेल्यांच्या तंबूत शिरतानाच ओळखलं. सॉक्सवर चपला आणि भर ऑगस्टात कानाला मफलर – असा आपलाच माणूस. काय? बोलता येत नाही? मौन आहे का आज? मग रुमाल का धरलाय तोंडावर, दात दुखतोय? दुखत नाही. मग? दातच नाहीत. अगं बाई. कवळी होय. कुठे पडली – कणीस? कणसात रुतून बसली? आणि कणीस… टाकलंत. कचऱ्यात. लाजून. बरोबर आहे, मीपण तेच केलं असतं, चारचौघांत कणसातून दात कोण उपटत बसणार. पण मग काळजी करू नका, हे मक्याचं गाव आहे, इथे दात सापडतात. त्या टेबलावरच्या खोक्यात बघा – चष्मा, चष्मा, एका पायाचा बूट, आणि त्या पांढऱ्या वाटीत काय आहे? कवळ्याच आहेत. एक, दोन, तीन. थांबा थांबा, घालून बघू नका असं, कुणाच्या तोंडातली आहे काय माहीत. धुऊन तरी घ्या.

माझं काय हरवलं म्हणता? माझं काही नाही हरवलं. मीच हरवलेय. ही चिठ्ठी बघा ना छातीवर चिकटवलेली, तुम्हाला लावलीय तशीच. तुमच्यावर काय लिहिलंय – पी यू आर – पुर. पुढचं मावलं नाही वाटतं. पुरुषोत्तम? बघा, बरोबर ओळखलं. माझ्यावर तर एकच अक्षर आहे. एक उभी रेघ. आय. ते का ते सांगते, त्यातच सगळा घोळ आहे. तर मी हरवलेय, आणि मी हरवल्याची तक्रार दिलीय माझ्या मुलीने. सहा वर्षांची आहे, स्वानंदी नाव. पोलिसाला जाऊन म्हणाली, माझी आई हरवलीय, शोधून द्या.

आता तुम्ही म्हणाल, पोरीवर लक्ष ठेवायला नको का. काका, माझ्याइतकं लक्ष या नोर्डाल गावात कोणी ठेवत नसेल. गॅस बंद केला का बघायला मी तीनदा परत फिरते, आणि आमच्याकडे गॅस नाहीच आहे, विजेची शेगडी आहे. पोरीच्या दंडावर रोज सकाळी पेनाने फोन नंबर लिहिते. फ्रॉकच्या आतल्या बाजूला पत्ता शिवलाय, लाल दोऱ्याने. हे चिडतात, म्हणतात, पोरगी आहे का पार्सल. आज तर मी जास्तच केलं. सव्वाशे वर्षं झाली म्हणून गावाची जत्रा, एवढी गर्दी इथे मी कधी बघितली नव्हती – एरवी रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ – म्हणून मी काय केलं, माझ्या ओढणीचं एक टोक तिच्या फ्रॉकच्या पट्ट्याला बांधलं. दोन गाठी मारल्या. आणि कणसाच्या रांगेत उभी राहिले. मध्येमध्ये ओढणी ओढून बघत होते, ताण लागला की बरं वाटायचं, आहे पोरगी. पुढे सरकले, कणीस घेतलं, म्हटलं घे गं बाळा, आणि मागे बघते तर ओढणीचं टोक दिव्याच्या खांबाला. मी मगापासून खांब ओढत होते.

का म्हणजे? फुगा बघायला जायचं होतं तिला. पण आईला सोडून कसं जायचं, आई हरवली तर? मी तिला काय शिकवलंय, जागचं हलायचं नाही, हलतो तो हरवतो. म्हणून तिने गाठी सोडल्या आणि मला खांबाला बांधलं, म्हशीसारखं, आणि गेली. आणि मी काय केलं? मी गाठ तोडून धावत सुटले. ती फुगा घेऊन परत आली असणार तर खांब आहे आणि आई नाही. मग हरवलं कोण, सांगा. पोरीचं काही चुकलं नाही. मीच जागची हलले.

– हा आवाज ऐकला का? ही तालीम चाललीय मघापासून. मेयर माईकवर विचारतो, 'हू इज नोर्डाल?' आणि सगळ्यांनी ओरडायचं, 'आय! आय ॲम!' ते पिवळे टी-शर्ट बघितले ना, त्यावर तेच लिहिलंय. म्हणजे नोर्डाल कोण, तर मी. आमच्या स्वानंदीच्या अंगातपण तोच आहे, फ्रॉकवरून घातलाय.

तर मी तळ्याच्या कडेने धावत होते, चपला हातात, आणि भोंग्यातून माझ्या पोरीचा आवाज आला. अख्ख्या गावाला ऐकू जात होतं. ती म्हणाली, 'आई इज लॉस्ट.' तिच्या टीचर आहेत ना, पीटरसनबाई, त्या बघा पिवळ्या टोपीतल्या, त्या आज इथे हरवलेल्यांचं बघतायत – त्यांनी माईकवरच तिला सुधारलं. म्हणाल्या, नो डिअर, 'आय ॲम लॉस्ट' म्हणायचं. तर ही म्हणते, नो. आई इज लॉस्ट. आय ॲम नॉट लॉस्ट. बाई म्हणाल्या, तू हरवली नाहीस? नाही. मग कोण हरवलंय? आई. तेच ना, तू. नाही, आय नाही, आई. काका, दहा मिनिटं हे चाललं होतं. लोक कणसं खायचे थांबले. एक म्हातारा डोळे मिटून ऐकत होता, त्याला वाटलं प्रार्थना चाललीय.

मी आले धापा टाकत. बाईंनी विचारलं, हू इज आई? मला इंग्रजी समजतं हं, बोलता येत नाही एवढंच – बैलाला मराठी समजतं ना, तसं. समजत होतं मला की आता नीट सांगायचंय. शाळेत शिकलेलं आठवलं, आय म्हणजे मी, ॲम म्हणजे आहे. म्हटलं, 'आय ॲम आई.' बाई म्हणाल्या, यू आर…? म्हटलं, आई. आय. ॲम. आई. बाईंनी माझ्याकडे कसं बघितलं सांगू, देवळात एखादीच्या अंगात आल्यावर बघतात तसं. हळूच खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, कपाळाला हात लावून ताप बघितला, आणि ही चिठ्ठी लावली. आय.

पोलीस आला, म्हणाला ओळखपत्र. ते कुठलं, पाकीट यांच्याकडे. फोनही यांच्याकडेच. दंडावरच्या नंबरवर त्यांनी फोन केला, तर घरी आमच्याच मशीनवर यांचा आवाज, आम्ही घरी नाही, निरोप ठेवा. मी काकुळतीला आले. म्हटलं, मी इथलीच आहे हे कसं पटवायचं याला? तर मला गावाचा इतिहास पाठ आहे ना. हो, अख्खा. लायब्ररीत वाटत होते ते माहितीपुस्तक यांनी मराठीत सांगितलं आणि मी शंभरपानी वहीत प्रश्नोत्तरं काढली, सातवीला असताना काढायचे तशी. मला वाटलं, राहतो त्या गावाचं कुणी विचारलं तर यायला पाहिजे, नाहीतर म्हणतील उपरे आहेत. ऐकायचंय? प्रश्न पहिला. नोर्डाल शहराची स्थापना कोणी व कशी केली? उत्तर. सन अठराशे एक्क्याऐंशीमध्ये ओले नोर्डाल हे नॉर्वे देशातून बायको, चार मुले व एक बैल घेऊन पश्चिमेकडे निघाले. ओलेच नाव आहे त्यांचं, मी काय करू. तर या तळ्याकाठी त्यांचा बैल खाली बसला. मारलं, गोंजारलं, शेपटी पिरगाळली, बैल उठेना. तीन दिवस उठेना. चौथ्या दिवशी ओलेंच्या बायकोने चूल मांडली. झालं गाव. बैल बसला, गाव वसलं. प्रश्न दुसरा. कारणे द्या. येथे मक्याचा कारखाना निघाला. एक, जमीन काळी. दोन, रेल्वे आली. तीन, बैल बसल्याने लोकांना दुसरीकडे जाता येईना – हे तिसरं मी माझ्या मनाचं घातलंय. तर लढाईच्या वेळी इथून डब्यातला मका जगभर जायचा, दिवसाला चाळीस हजार डबे, आणि तळ्याच्या पाण्यालाही मक्याचा वास यायचा म्हणे. मग कारखाना बंद पडला, पोरं शहरात गेली, शाळेत एका वर्गात सात जण उरले. मग त्याच इमारतीत कंप्युटरची कंपनी आली, आणि जिथे मका डब्यात भरायचे तिथे आता आमचे हे आणि त्यांचे पुण्या-नागपूरचे मित्र बसतात. डब्यांतच बसतात, खांद्याएवढ्या भिंतींच्या. गाव तेच आहे काका, आतला माल बदलला.

हे सगळं मी पोलिसाला इंग्रजीत सांगितलं. कसं म्हणजे – 'ओले कम. ऑक्स सिट. नो गेट अप. कॉर्न.' त्याने टोपी काढली डोक्यावरची. पण पोरगी काही दिली नाही.

ती कुठे आहे? तेच तर सांगते, लाल गाडीवर. मी यायच्या आधीच पोलिसाने तिला आगीच्या बंबावर चढवलं, म्हणाला वरून बघ, तुझी आई दिसते का. आणि तेवढ्यात शिट्टी झाली, मिरवणूक निघाली, आणि बंब मिरवणुकीतच आहे. मध्येच थांबवता येत नाही म्हणे, तळ्याला पूर्ण फेरी घालूनच येतो. माझी पोरगी गावाला हात हलवत चाललीय, बंबावर उभी राहून, आणि मी इथे. आता तो बंब या तंबूसमोर आला की थांबणार, पीटरसनबाई माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारणार, ही कोण, आणि ती जे म्हणेल ते.

मग त्यात काय, म्हणेल ना आई – असंच ना तुमच्या मनात? तिथेच मेख आहे काका. ती म्हणायची नाही.

वडील? वडील मिरवणुकीतच आहेत. ते येऊन सांगतील, पण त्यांना बाहेर निघता यायला पाहिजे ना. ते बैलात आहेत. असं काय बघताय, ओलेंच्या बैलाचं सोंग आपल्या मराठी मंडळाला दिलंय ना, गावाची कमिटी म्हणाली, तुम्ही इंडियाचे, तुम्हाला बैलाचं जास्त समजतं. मंडळात एकाच्याही घरी कधी बैल नव्हता. ऋषी म्हणून यांचा मित्र, तो पुढचे दोन पाय आणि तोंड, आमचे हे, गुरुनाथ, मागचे दोन पाय. सहा आठवडे रात्री बेसमेंटमध्ये तालीम केलीय. फोन बैलाच्या पोटात. पाठीवरून शिवून घेतलंय रेखाताईंनी, चेन लावली तर खरा वाटणार नाही म्हणाल्या. रेखाताई माहीत नाहीत? आपल्या मंडळाच्या अध्यक्ष. फार कडक बाई. मीठ टाकायचं तरी ई-मेल पाठवतात. त्यांच्यासमोर तर माझी जीभच – काय? काय खुणावताय? तुमच्या? सून? तुमची सून. म्हणजे तुम्ही रेखाताईंचे सासरे. अरे देवा.

बरं झालं तुम्हाला बोलता येत नाही. म्हणजे तसं नाही, दात मिळोत तुमचे, पण जरा सावकाश मिळोत. कडक म्हणजे चांगल्या अर्थाने म्हटलं मी.

आता एवढं सांगितलंच आहे तर हेही ऐका. मंडळात सगळ्यांना वाटतं मी बी.ए. झालेय. यांनीच सांगितलंय. माझी शाळा सातवीपर्यंत, गावात तेवढीच होती, आठवीला नदीपलीकडे जायला लागायचं आणि आई पाठवायला घाबरायची – घाबरटपणा आमच्या घराण्यातच आहे, सोन्यासारखा आईकडून मुलीकडे येतो. हे माझ्या आत्याचे, लहानपणापासून ठरलेलं. इंजिनियर झाल्यावर नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, पण नाही म्हणाले नाहीत, माणूस चांगला. फक्त इथे आल्यावर पहिल्या गणपतीला कुणीतरी विचारलं, वहिनी काय शिकल्यात, आणि यांच्या तोंडून गेलं, बी.ए. मी चकित होऊन बघते तर म्हणाले, मराठीत. बी.ए. मराठीत. त्या दिवसापासून मंडळात कुणी पुस्तकाचं बोलायला लागलं की मी चहा गाळायला उठते. चार वर्षं चहा गाळतेय. लोकांना वाटतं मला चहाची फार आवड.

पण ते खोटं यांचं. माझं स्वतःचं खोटं वेगळं आहे, आणि ते मी अजून यांनाही सांगितलं नाही.

गेल्या सप्टेंबरात, बालवाडीचा पहिला महिना. पीटरसनबाई दारात उभ्या असायच्या. एक दिवस मला थांबवून म्हणाल्या, दर शुक्रवारी एका मुलाची मदर येते, वर्गासमोर बसून गोष्टीचं पुस्तक वाचते, पुढच्या शुक्रवारी स्वानंदीच्या मदरची पाळी. इंग्रजी पुस्तक. वीस मुलं. काका, मला समोरची पाटी दिसेना. बाई विचारत होत्या, यू आर हर मदर, राइट? आणि माझ्या तोंडून आलं, 'नो. बेबीसिटर.' कुठून आलं ते देवाला ठाऊक, आदल्याच दिवशी तो शब्द टीव्हीवर ऐकला होता. बाई म्हणाल्या, ओह. मग मदर कुठे असते? मी नुसतं वर बोट दाखवलं. मला म्हणायचं होतं, वरच्या मजल्यावर, ऑफिसात. बाईंचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी शाळेतून घरी मोठा केक आला, आणि यांना वाटलं वाढदिवस आहे कुणाचा.

म्हणजे पीटरसनबाईंच्या हिशेबी स्वानंदीची आई वारलीय. आणि आज वारलेली आई हरवलीय, आणि बेबीसिटर येऊन म्हणते आय ॲम आय. त्या बिचाऱ्या पाणी देणार नाहीत तर काय करतील.

पोरगी बाजूलाच होती तेव्हा. माझा हात धरून. सगळं ऐकलं तिने. घरी येताना मी तिला कोपऱ्यावर बसवलं आणि म्हटलं, बाळा, शाळेत बाईंसमोर मला आई म्हणायचं नाही. बेबीसिटर म्हणायचं. का, म्हणाली. म्हटलं, अशीच गंमत. ती म्हणाली, मी विसरले तर? आणि मी – काका, इथे मी फार वाईट वागले – मी म्हटलं, विसरायचं नाही, तुला आईची शपथ आहे. तिने विचारलं शपथ म्हणजे काय. इथे वाढलेलं पोर, तिला कसं माहीत असणार. मी सांगितलं, शपथ मोडली की आई मरते.

म्हटलं ना, घाबरटपणा सोन्यासारखा पुढे जातो.

वर्षभर पाळली तिने. एकदा नाही चुकली. शाळेच्या दारातून निघालो की गप्प चालायची, कोपऱ्यावरून वळलो की मान वर करून विचारायची, 'आता म्हणू?' मी म्हणायचे, म्हण. मग आई, आई, आई, आई – घर येईपर्यंत नुसतं तेच, दिवसभर तुंबलेलं पाणी सोडल्यासारखं. काही सांगायचं नसायचं तिला. नुसतं म्हणायचं असायचं. आणि मी मूर्ख, मला ते गोड वाटायचं.

आज भोंग्यावर आई म्हणाली खरी, पण मी समोर नव्हते, बोट दाखवून नाही म्हणाली. आता बाई बोट दाखवून विचारणार. आणि ती काय म्हणेल? बेबीसिटर म्हणेल. मला वाचवायला म्हणेल. मग पोलीस लिहून घेईल. मुलं काढून घेतात काका इथे, मी ऐकलंय, मांडीवरून उचलून नेतात, मंडळात सगळ्या बायका बोलत असतात चहाच्या वेळी. तुमच्या सूनबाई म्हणाल्या असं काही नसतं, अफवा आहेत. त्यांना काय, त्या खरोखरच्या एम.ए. आहेत.

– वाजलं. बँड आला जवळ. उठू नका, मला दिसतंय इथून. पुढे शाळेचा बँड, मागे त्या चर्चच्या म्हाताऱ्या, ज्यांच्या तळघरात आपला गणपती बसतो, त्या – पुलाव शिकल्यात त्या, त्यात चीज घालतात. त्यांच्या मागे – आलं बघा, शिंगं दिसली. बैल आला. पुढचे पाय जोरात चाललेत, मागचे मागे राहतायत, यांना पहिल्यापासून सवयच आहे. त्यांना इथेच बसायचंय, तंबूसमोर, तळ्याकाठी, ओलेंचा बैल बसला होता तिथेच. बघा – गुडघे टेकले. बसला. काय टाळ्या. आणि मागे सगळं थांबलं, बंबपण थांबला. तो बघा, वर. लोखंडी टोपी घातलीय तिला, डोळ्यांवर आलीय, अगं वर कर ना ती. दिसले वाटतं मी. हो, दिसले. हसली. मग हसू पुसलं तिने – पीटरसनबाईंना बघितलं.

चालल्या बाई तिच्याकडे. विचारतायत. माझ्याकडे बोट करतायत. मी उभी आहे हो, उभी आहे, हा घ्या हात वर. काय करतेय ती – दोन्ही हात तोंडावर धरले. बघा काका, तुम्ही रुमाल धरलाय तसेच. मान हलवतेय. बेबीसिटरसुद्धा म्हणत नाहीये. काहीच म्हणत नाही. बेबीसिटर म्हटलं तर आई जाते आणि आई म्हटलं तर आई मरते, सहा वर्षांच्या पोराने काय म्हणायचं. अहो कुणीतरी थांबवा ना तो ड्रम. स्वानंदी, स्वानंदी – ऐकू जात नाहीये तिला, या बँडमध्ये माझा आवाज पोचत नाही. शपथ सोडवायला पाहिजे, शपथ घालणाऱ्यानेच सुटली म्हणायचं असतं, त्याशिवाय सुटत नाही, हेही तिला मीच शिकवलंय, सगळं मीच – काय? काय सरकवताय माझ्याकडे? बाईंचा माईक? चालू आहे का हा? कुठे दाबायचं, इथे? मला द्या काका.

स्वानंदी. बाळा. आई बोलतेय. इकडे बघ. सुटली. शपथ सुटली. तीनदा म्हणते, सुटली, सुटली, सुटली. कुणाला काही होत नाही. मी मरत नाही. मी सातवी शिकलेय आणि मला इंग्रजी पुस्तक वाचता येत नाही आणि मी तुझी आई आहे, काय म्हणायचं ते म्हण आता. म्हण, बाळा. म्हण आता.

– बँड थांबला. काका, बैल बघा. बैलाचं मागचं अर्धं उठलं. पुढचं अजून बसलंय, मागचं उभं, वळून वळून बघतंय, अहो पडाल, बसा तुम्ही, सहा आठवड्यांची तालीम – रेखाताईंचा चेहरा बघवत नाही. सातवी म्हटलं का मी माईकवर? म्हटलं. जाऊ दे. मराठी किती जणांना कळलं असेल, ज्यांना नको कळायला त्यांनाच.

ऐका. ऐकलं? पुन्हा म्हणाली. हात काढले तोंडावरचे. काय जोरात ओरडतेय, घसा बसेल तिचा – आई. आई. आई. आणि हे काय, हे लोक काय करतायत? लोकांना वाटलं मेयरची ती घोषणा सुरू झाली. पिवळे टी-शर्टवाले सगळे उठले, मेयरने टोपी काढली, 'आय! आय!' – काका, अख्खं गाव ओरडतंय. तळ्याच्या पलीकडूनही ओरडतायत. आय म्हणतायत ते, पण ऐका ना तुम्ही, काय ऐकू येतंय? गप्प बसा जरा, ऐकू द्या मला.

…आली. उतरवली पोलिसाने. बाई रडतायत, सांगेन त्यांना नंतर, केकचंही सांगेन. काय हो? सही? हो, हरवलेल्या वस्तूचं रजिस्टर आहे ना, घेऊन जाणाऱ्याची सही लागते. माझी नको? तिची? बरोबर आहे, तिने तक्रार दिली, तिनेच न्यायचं. लिही गं. एस… हळू लिही, रेघेवर लिही. झालं.

नको, खांद्यावर नको ओढणी, तुझ्या पट्ट्याला बांध. दोन गाठी मार. आणखी एक मार.

बरं काका, माझं माणूस आलंय न्यायला, निघते मी. सूनबाई बैल उसवून आल्या की येतीलच तुमच्याकडे. ती मधली कवळी बघा, तुमचीच वाटते. तोवर जागचे हलू नका, काय?